उमेदवारीची जागा कोणाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या घराघरांत दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणती शाखा, मुलीला कोणते कॉलेज, किती टक्क्यांना कोठले दार उघडते, याचा हिशेब मांडला जातो. अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांचे अर्ज भरले जातात, पसंतीचे क्रम लावले जातात आणि पालक आपल्या ऐपतीबाहेरच्या फीचीही तजवीज करतात. या धावपळीत एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या व्यवसायासाठी हा सारा आटापिटा चालला आहे, तो व्यवसाय करणारा माणूस दिवसभर नेमके काय करतो, हे या मुलाने कधी पाहिले आहे काय? डॉक्टर त्याने पाहिलेला असतो. शिक्षक तर दहा वर्षे रोज पाहिलेला असतो. वकील निदान चित्रपटात तरी पाहिलेला असतो. इंजिनिअर मात्र त्याने पाहिलेला नसतो, कारण इंजिनिअर फाटकाच्या आत असतो आणि फाटकावर पहारेकरी असतो.

विद्यार्थ्याने काही दिवस एखाद्या अभियंत्याच्या किंवा तंत्रज्ञाच्या सोबत सावलीसारखे राहावे, त्याचे काम पाहावे, मनात येतील ते प्रश्न विचारावेत, पण यंत्राला हात लावू नये, अशी एक पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. ‘जॉब शॅडोइंग’ हे तिचे नाव. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत शाळेच्या वरच्या वर्गांतील मुले दोन-तीन आठवडे एखाद्या कारखान्यात, दवाखान्यात किंवा कचेरीत घालवितात, आणि ते शिक्षणाचाच भाग मानले जाते. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रांकडे मुली वळाव्यात म्हणून तेथे २००१ पासून वर्षातला एक दिवस खास मुलींसाठी राखलेला आहे. त्या दिवशी कारखाने आणि प्रयोगशाळा मुलींना आत घेतात. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठातील हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आळीपाळीने वर्गात शिकत आणि कारखान्यात काम करीत. वर्ग आणि कारखाना एकमेकांपासून तोडले तर दोन्ही अपुरे राहतात, ही जाणीव या प्रयोगाच्या मुळाशी होती.

ही जाणीव आपल्याला परकी आहे असे नव्हे. मराठीत तर तिच्यासाठी एक सुरेख शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे उमेदवारी. आज निवडणुकीने हा शब्द पळविला असला, तरी कायद्याच्या मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ अजून जिवंत आहे. सुताराच्या, सोनाराच्या किंवा छापखान्यातल्या जुळाऱ्याच्या हाताखाली पोरगा वर्षानुवर्षे बसे, आधी नुसता पाही, मग हत्यारे हातात देई, आणि केव्हातरी स्वतः हत्यार धरी. या पद्धतीत गुण होता तसा एक मोठा दोषही होता. ही जागा जन्माने मिळत असे. सुताराजवळ सुताराचा मुलगा बसे आणि सोनाराजवळ सोनाराचा. इतरांना आणि मुलींना तेथे प्रवेश नव्हता. आधुनिक तंत्रशिक्षणाचे मोठेपण हेच की त्याने ही जन्माची अट मोडली. १८५४ मध्ये पुण्यात सार्वजनिक बांधकामाच्या कामासाठी माणसे तयार करणारा वर्ग निघाला, त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. या संस्थेत शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना काढला. वर्गातला शिक्षक आणि कारखान्यातला कारागीर यांच्यात त्या काळी आजच्याइतके अंतर नव्हते.

कार्यानुभवाचे काय झाले?

हे अंतर वाढू नये म्हणून स्वतंत्र भारतात आणि त्याच्या आधीही विचार झाला नाही असे नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमने हाताचे काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस केली. जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते आणि महाराष्ट्रातील शिक्षणाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. शिफारशीचे पुढे काय झाले हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला, आणि त्या तासाला मेणबत्त्या, खडू व कागदी फुले आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली वस्तू ‘स्वतः तयार केली’ म्हणून तपासणीसाठी ठेवण्यात आली आणि तिला गुण मिळाले. विचार चांगला होता. पण कार्याचा खरा अनुभव जेथे मिळतो तेथे मुलांना नेण्याऐवजी आपण कार्याची नक्कल वर्गात आणली.

त्याच धर्तीची नक्कल आज वरच्या पायरीवर चालू आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिप अनिवार्य केली. पदविकेच्या विद्यार्थ्यांनाही काही आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घ्यावे लागते. उद्देश उत्तम आहे. पण एकाच वेळी हजारो विद्यार्थी कारखान्यांच्या दाराशी उभे राहिले, जागा मात्र तेवढ्या नव्हत्या. मग ज्याला जागा मिळत नाही तो निदान प्रमाणपत्र मिळवितो. ते कसे मिळते, अहवाल कोठून उतरविला जातो आणि सोनेरी अक्षरांची बांधणी कोणत्या दुकानात स्वस्त होते, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. शिक्षकांनाही ते माहीत असते, पण साठ विद्यार्थ्यांना जागा कोठून द्यायची या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नसते. तेव्हा एकट्या विद्यार्थ्याला किंवा एकट्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

यंत्राहून माणूस पाहायचा

मुळात जवळ राहून पाहण्यासारखे काय असते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारखान्याची सहल ही काही वेगळीच गोष्ट आहे. एका बसमधून पन्नास मुले येतात, जनसंपर्क अधिकारी त्यांना पिवळ्या पट्ट्यांमधून फिरवितो, यंत्रांच्या आवाजात त्याचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही, शेवटी चहा-बिस्किटे होतात आणि सामुदायिक छायाचित्र निघते. मुलांनी यंत्रे पाहिलेली असतात. परंतु यंत्र पुस्तकातल्या आकृतीतही दिसते. जे पुस्तकात दिसत नाही ते म्हणजे यंत्राजवळचा माणूस निर्णय कसा घेतो.

उदाहरण म्हणून साखर कारखान्याचे घेता येईल. रसाची घनता किती, शुद्धता किती, हे प्रयोगशाळेतला केमिस्ट मोजून सांगतो. पण पॅनमध्ये साखरेचा दाणा कसा वाढतो आहे हे पाहण्यासाठी पॅनमन नमुना काचेवर घेतो, उजेडात धरतो, बोटांनी चाचपतो आणि मग ठरवितो. आकडा आणि अनुभव येथे एकमेकांशी बोलत असतात. हा संवाद पाहणाऱ्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्रातले स्फटिकीकरणाचे प्रकरण पुन्हा वेगळे शिकवावे लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्याजवळ पदवी नाही त्याच्याजवळही ज्ञान असू शकते, हे त्याला कोणी उपदेश न करता कळते.

गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रातही असेच आहे. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले की तुरटीचे प्रमाण बदलावे लागते. ते किती बदलायचे हे अंदाजाने ठरत नाही. एकाच पाण्याचे नमुने ओळीने मांडलेल्या भांड्यांत घेऊन प्रत्येकात वेगळी मात्रा टाकतात, ढवळतात, थांबतात आणि कोणत्या भांड्यात कमीत कमी तुरटीने गाळ नीट खाली बसतो ते पाहतात. पुढे नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक आहे की नाही हे तपासतात. ही तपासणी चुकली तर त्याची किंमत तालुक्याच्या रुग्णालयात मोजावी लागते. विज्ञानाचा एक लहानसा प्रयोग आणि हजारो माणसांचे आरोग्य यांच्यातला धागा असा डोळ्यांसमोर दिसला, तर ‘हे शिकून काय उपयोग’ हा वर्गातला नेहमीचा प्रश्न आपोआप थांबतो.

वीज उपकेंद्रात दर तासाला फीडरवरचा भार वहीत लिहिला जातो. तारेवर काम करायला माणूस चढविण्यापूर्वी ‘लाइन क्लिअर’ची परवानगी लेखी घेतली जाते, पुरवठा खरोखर बंद आहे याची खात्री केली जाते आणि तार जमिनीशी जोडली जाते. ही शिस्त नियमपुस्तकात वाचली तर कंटाळवाणी वाटते. खांबावर चढणारा माणूस समोर उभा असताना ती पाहिली तर तिचा अर्थ समजतो. यंत्रशाळेत पहिला जॉब निघाला की तो मापून ड्रॉइंगशी ताडून पाहिल्याशिवाय दुसरा लावीत नाहीत, यातही तेच आहे. संगणकाच्या कंपनीत बाहेरून पाहणाऱ्याला नुसते पडद्यासमोर बसलेले तरुण दिसतात. पण शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला लवकरच कळते की या लोकांचा बराच वेळ नवे लिहिण्यात नव्हे, तर दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात, त्यातली चूक शोधण्यात आणि ग्राहकाला नक्की काय हवे आहे हे समजून घेण्यात जातो. इंजिनिअर चुकतो, चूक कबूल करतो, ती लिहून ठेवतो आणि दुरुस्त करतो, हे दृश्य विद्यार्थ्याच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे असते. आपल्या परीक्षापद्धतीत चूक म्हणजे वजा झालेला गुण. व्यवसायात मात्र नोंदविलेली चूक हे पुढच्या माणसाच्या हाती दिलेले ज्ञान असते.

काही विद्यार्थ्यांना या सहवासातून उलटाही बोध होईल. आवाज, उष्णता, रात्रपाळी, सततची घाई पाहून एखाद्याला वाटेल की हे आपले काम नव्हे. तो बोधही वाया गेलेला नाही. चार वर्षे आणि बापाची पुंजी घालविल्यानंतर हे कळण्यापेक्षा चार दिवसांत कळलेले बरे.

ओळखीचा नवा वारसा

खरा प्रश्न आहे तो ही जागा कोणाला मिळते हा. आज ती मिळते, नाही असे नाही. ज्याचा मामा पिंपरीच्या कारखान्यात व्यवस्थापक आहे, ज्याच्या वडिलांचे मित्र हिंजवडीच्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत, त्याला एका फोनवर मिळते. मोठ्या शहरातल्या नामवंत महाविद्यालयांना ती मिळते, कारण त्यांचे माजी विद्यार्थीच आत बसलेले असतात. पिलानीच्या तंत्रविज्ञान संस्थेने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालवून विद्यार्थ्यांना उद्योगांत पाठविण्याची संस्थात्मक व्यवस्थाच लावली. ज्या विद्यार्थ्याला अशी संस्था लाभत नाही आणि असा मामाही नाही, त्याने काय करावे? हिंगोलीच्या शेतमजुराची मुलगी, नंदुरबारच्या आश्रमशाळेतला मुलगा, इचलकरंजीच्या मागावर राबणाऱ्या कामगाराचा मुलगा, यांच्यासाठी कोण फोन करणार? इचलकरंजीच्या त्या मुलाच्या घरात यंत्राचा आवाज जन्मापासून आहे, पण ते यंत्र ज्याने आखले त्या माणसाशेजारी बसण्याची संधी त्याला कधी मिळालेली नाही.

जुनी उमेदवारी जन्माने मिळत होती, नवी ओळखीने मिळते. जातीचा वारसा गेला आणि वशिल्याचा वारसा आला, एवढाच काय तो फरक. आणि ओळखी जातीपातीच्या, शहराच्या आणि इंग्रजीच्या कुंपणातच बहुधा वाढतात हे लक्षात घेतले, तर तो फरकही वाटतो तितका मोठा नाही. मुलींच्या बाबतीत तर दार दुप्पट जड होते. ‘पाळीत मुलगी कोठे ठेवायची’ या प्रश्नाने कारखाना नकार देतो आणि ‘इतक्या लांब एकटी कशी जाणार’ या प्रश्नाने घर नकार देते. प्रवेशपरीक्षेत ज्यांनी समान गुण मिळविले, ते नोकरीच्या मुलाखतीला बसतात तेव्हा मात्र असमान झालेले असतात. एकाने काम पाहिलेले असते, दुसऱ्याने नुसते वाचलेले असते. मुलाखत घेणारा या फरकाला ‘आत्मविश्वास’ असे नाव देतो आणि तो उपजत असल्याचे मानतो.

कायद्याने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमदुरुस्तीने तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांतील इंटर्नशिपची योजना जाहीर केली आणि राज्य सरकारनेही कार्यप्रशिक्षणाची योजना आणली. परंतु या योजनांचा रोख प्रामुख्याने शिक्षण संपवून रोजगाराच्या दाराशी आलेल्या तरुणांवर आहे. शिक्षणाची दिशाच ठरवू पाहणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी त्यांत काही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना स्थानिक कारागिरांजवळ पाठविण्याची सूचना केली आहे. ती स्वागतार्ह आहे. मात्र कार्यानुभवाचा इतिहास पाहता, या दहा दिवसांच्याही मेणबत्त्या होणार नाहीत याची काळजी आतापासून घ्यावी लागेल.

फाटक कोठे उघडावे

उद्योगांच्या अडचणी खोट्या नाहीत. उत्पादनाचा खोळंबा होतो, अपघाताची धास्ती असते, आराखड्यांची गुप्तता सांभाळायची असते. दुसऱ्या बाजूने, ‘शिकण्याच्या’ नावाखाली मुलांना पॅकिंगच्या टेबलावर उभे करून मजुरी वाचविणारी आस्थापनेही असतात, आणि त्यांना आळा घातलाच पाहिजे. पाहायला आलेला विद्यार्थी कामगाराच्या शेजारी असावा, कामगाराच्या जागी नसावा, ही सीमारेषा अगदी स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलाने फक्त पाहावे, धोक्याच्या विभागात जाऊ नये, त्याच्या पायात योग्य बूट आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे, त्याचा विमा उतरलेला असावा, एवढे नियम केले की बहुतेक भीती दूर होते. एका अभियंत्यासोबत एक किंवा दोन विद्यार्थी आणि तेही तीन-चार दिवस, यामुळे कोणत्याही कारखान्याचे चाक थांबणार नाही.

कारखाने सगळीकडे नाहीत, ही सबबही फार काळ टिकणारी नाही. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी येथेच तंत्रज्ञान असते असे मानणे हीच मुळात चूक आहे. तालुक्याच्या गावी वीज उपकेंद्र आहे, पाणीपुरवठा योजना आहे, एस.टी.चे आगार आणि त्याची कार्यशाळा आहे, दूरध्वनीचे केंद्र आहे, पाटबंधारे विभागाचे कार्यालय आहे. अनेक ठिकाणी सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ आहे. यांतल्या बहुतेक जागा जनतेच्या पैशाने उभ्या आहेत. तेव्हा त्यांची दारे जनतेच्या मुलांसाठी सर्वांत आधी उघडली पाहिजेत. गावातल्या गरजांतूनच तंत्रज्ञान शिकविता येते हे शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने दाखवून दिले. तेथे लोखंडाचे जोडकाम, वायरिंग, बांधकाम, शेती ही कामे गावासाठी करता करता मुले शिकली. जे एका आश्रमाला एका खेड्यात जमले, ते सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या शासनाला प्रत्येक तालुक्यात का जमू नये?

यासाठी नवे महामंडळ नको आणि कोट्यवधींची तरतूदही नको. प्रत्येक तालुक्यात शिक्षण विभागाने अशा जागांची एक नोंदवही तयार करावी. नववी-दहावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांना त्या जागा गुणांनी नव्हे, शिफारशीने तर नव्हेच, तर हजेरीपटावरच्या क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. मुलींसाठी निम्म्या जागा असाव्यात आणि त्यांच्या येण्याजाण्याची सोय शाळेने पाहावी. प्रवासभाडे आणि जेवण यांचा खर्च शासनाने द्यावा, कारण ज्याच्या घरी चार दिवसांच्या बसभाड्याची अडचण आहे तोच विद्यार्थी येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रमाणपत्र कोणालाही देऊ नये. प्रमाणपत्र आले की त्याचा बाजार भरतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी आणि रोज तीन गोष्टी लिहाव्यात: आज कोणता निर्णय घेतलेला पाहिला, कोणती चूक झालेली पाहिली आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. ही वही शिक्षकाने वर्गात सर्वांसमोर चर्चेला घ्यावी, म्हणजे एकाने पाहिलेले चाळीसजणांना मिळेल. आणि शिक्षकांनीही वर्षातून दोन-तीन दिवस याच मार्गाने जावे. ज्यांनी स्वतः कधी यंत्रशाळा पाहिलेली नाही त्यांच्यावर तंत्रज्ञानाची गोडी लावण्याची जबाबदारी टाकणे हा शिक्षकांवरही अन्यायच आहे.

इंजिनिअरांच्या संघटना आणि औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांची मंडळे यांनाही यात वाटा उचलता येईल. आज या क्षेत्रात नावारूपाला आलेल्या अनेकांनी कधीतरी कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच काम शिकले आहे. त्या वेळी कोणीतरी वेळ दिला, प्रश्नांना कंटाळला नाही, चुकले तर समजावून सांगितले. ते ऋण ज्याने शिकविले त्याला परत करता येत नाही, ते पुढच्या मुलालाच द्यावे लागते.

उमेदवारी या शब्दात उमेद आहे. दरवर्षी निकालानंतर लाखो मुले ती उमेद घेऊन रांगेत उभी राहतात आणि त्यांतली कितीतरी, आपण कोणत्या दाराशी उभे आहोत हे माहीत नसतानाच, आत ढकलली जातात. येत्या जूनपासून एखाद्या जिल्ह्याने, निदान एखाद्या तालुक्याने, आपले उपकेंद्र, आपले जलशुद्धीकरण केंद्र आणि आपले एस.टी. आगार शाळेतल्या मुलांना चार-चार दिवसांसाठी खुले करून पाहावे. ज्यांच्या घरी कोणताही मामा व्यवस्थापक नाही, त्या मुलांसाठी फोन करण्याचे काम शाळेने आणि शासनाने करावयाचे आहे.